विजय दुर्गाच्या परिसरात: बाहेर काय खावं, घरी कोणतं फळ शिजवावं

कोलकात्याला बदली होऊन आलेल्या मराठी कुटुंबांकडून दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पहिला म्हणजे फोर्ट विल्यमच्या जवळपास बरं जेवण कुठे मिळेल. दुसरा घरचा असतो. बाजार फळांनी भरलेला दिसतो, पण त्यातली निम्मी ओळखीची नसतात. जी ओळखीची वाटतात त्यांची चव वेगळी निघते आणि आईच्या पद्धतीनं केलेला पदार्थ फसतो. मग वर्षभर केळी, सफरचंद आणि अधूनमधून महागडा हापूस, एवढ्यावर भागवलं जातं. तीन वर्षांची पोस्टिंग अशीच निघून जाते, आणि ती तशी जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

दोन्ही प्रश्नांवर एकच उपाय आहे. बंगाली स्वयंपाकात फळ जेवणाच्या आत असतं: वरणात कैरी, भाजीत कोवळा फणस, जेवणाच्या शेवटी अननसाची किंवा बोरांची चटणी. तेव्हा ज्या महिन्यात जे फळ आलं असेल ते आधी बाहेरच्या चांगल्या बंगाली जेवणात चाखा, मग बाजारातून आणून आपल्या फोडणीवर करून बघा. हा क्रम पाळलात तर जागा निवडणंही सोपं होतं आणि फळ वायाही जात नाही.

आधी तुमचा पत्ता समजून घ्या

फोर्ट विल्यमचं नाव लष्करानं डिसेंबर २०२४ मध्ये 'विजय दुर्ग' केलं, सिंधुदुर्गातल्या आपल्या विजयदुर्गावरून. त्याच वेळी सेंट जॉर्ज गेटचं शिवाजी गेट झालं. पण टॅक्सीवाल्याला, नातेवाइकांना आणि बाजारातल्या विक्रेत्याला अजून 'फोर्ट विल्यम'च सांगा. तेच सगळ्यांना कळतं.

पूर्व कमांडचं मुख्यालय असल्यामुळे आत कुणालाही सहज येता येत नाही. साताऱ्याहून किंवा कोल्हापुरातून पाहुणे येणार असतील तर ओळखपत्रांची आणि पासची व्यवस्था आधीच करून ठेवा. एका वेळच्या जेवणासाठीच भेटायचं असेल, तर त्यांना थेट बाहेरच्या एखाद्या ठिकाणी बोलावणं सगळ्यांच्या सोयीचं. दिशा लक्षात ठेवायला सोप्या आहेत. मैदान ओलांडून पूर्वेला गेलात की चौरंगी आणि तिला लागून पार्क स्ट्रीट. ईशान्येला एस्प्लनेड आणि न्यू मार्केट. दक्षिणेला भवानीपूर, त्यापुढे हाजरा. पश्चिमेला हुगळी आणि प्रिन्सेप घाट. पार्क स्ट्रीट, मैदान आणि एस्प्लनेड ही तिन्ही मेट्रो स्थानकं हाताशी आहेत, त्यामुळे उत्तरेला कॉलेज स्ट्रीटपर्यंत जेवायला जाणंही अवघड नाही.

जेवायला कुठे: आधी गरज ठरवा, मग नाव

'सगळ्यात चांगलं हॉटेल कोणतं' असा प्रश्न विचारू नका. कोण सोबत आहे, किती वेळ आहे आणि काय चाखायचं आहे, हे ठरवलं की नाव आपोआप समोर येतं.

*पहिल्यांदाच पूर्ण बंगाली जेवण जेवायचं असेल तर* एलियट रोडवरचं 'सुरुची' गाठा. ऑल बेंगॉल विमेन्स युनियन ही महिलांची संस्था ते चालवते. जेवण घरगुती, दर माफक, आणि दुपारी जाणं उत्तम. मला विचाराल तर सुरुवात इथूनच करावी, कारण इथल्या ताटात बंगाली घरात रोज जे शिजतं ते येतं. वडीलधारे सोबत आहेत, निवांत बसायचं आहे आणि वातानुकूलित जागा हवी आहे, तर एस्प्लनेडच्या पीअरलेस हॉटेलमधलं 'आहेली', एल्गिन रोडच्या फोरम मॉलमधलं 'ओह! कॅलकटा' किंवा बालीगंजचं 'सिक्स बालीगंज प्लेस'. तिन्ही ठिकाणी खर्च जास्त, पण मोसमी पदार्थ मन लावून केलेले असतात. आंब्याच्या दिवसांत, आणि पुढे तालाच्या म्हणजे पिकलेल्या ताडफळाच्या दिवसांत, इथे आवर्जून विचारा.

*कमी पैशांत खरी चव हवी असेल तर* 'पाइस हॉटेल' हा प्रकार समजून घ्या. पूर्वी पैशांच्या हिशोबात जेवण मिळायचं, तेव्हापासूनच्या या खानावळी. न्यू मार्केट परिसरातलं 'सिद्धेश्वरी आश्रम', रासबिहारीजवळचं 'तरुण निकेतन', कॉलेज स्ट्रीटजवळ भवानी दत्त लेनमधलं 'स्वाधीन भारत हिंदू हॉटेल' ही त्यांतली जुनी, नावाजलेली. इथे थाळी नसते. भात, डाळ, भाजी, मासा, चटणी, काही ठिकाणी केळीचं पान आणि लिंबाची फोडसुद्धा वेगवेगळी मोजली जाते. वाढपी विचारत जातो, आपण 'हो' म्हणत जातो, आणि शेवटी बिल पाहून चकित होतो. म्हणून बसतानाच फळ्यावरचे दर वाचा, आणि नको असेल ते ताटात पडण्याआधीच नाही म्हणा. दुपारी साडेबाराच्या सुमारास जा. दोननंतर चांगले पदार्थ संपलेले असतात.

*मुलांना घेऊन संध्याकाळी बाहेर पडायचं असेल तर* पार्क स्ट्रीट आहेच. 'पीटर कॅट'चा चेलो कबाब प्रसिद्ध आहे, 'मोकॅम्बो' जुन्या धाटणीचं आहे आणि १९२७ पासूनचं 'फ्लुरीज' केक-पेस्ट्रीसाठी आहे. शनिवार-रविवारी पहिल्या दोन ठिकाणी रांग ठरलेली, तेव्हा मधल्या वारी जा. न्यू मार्केटमागचं 'निझाम्स' काठी रोलसाठी, तर शेजारचं 'अमिनिया' बिर्याणीसाठी.

*पूर्ण शाकाहारी घर असेल तर* रसेल स्ट्रीटचं 'गंगौर' आहे. लेक मार्केट भागातली दक्षिणी उपाहारगृहंही भरवशाची. बंगाली चव चुकवायची नसेल तर पुढचा भाग मात्र नीट वाचा.

*उन्हातान्हात फळाचं सरबत हवं असेल तर* कॉलेज स्क्वेअरचं 'पॅरामाउंट'. १९१८ पासूनचं हे दुकान शहाळ्याच्या सरबतासाठी ओळखलं जातं. मुलांना घेऊन तेवढ्यासाठी मेट्रोनं जावं, इतकं ते छान आहे.

आणि आपल्या पद्धतीच्या जेवणाची फारच आठवण आली तर हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे. जेवणाची सोय त्या दिवशी आहे का, हे फोन करून विचारा. कोलकात्यातल्या मराठी कुटुंबांची पहिली ओळख बहुतेकदा तिथेच होते, त्यामुळे आल्या आल्या एक चक्कर मारलीत तर पुढे लोणच्याच्या बरण्यांची देवाणघेवाण करायला माणसं मिळतात.

शाकाहारी मंडळींनी हमखास फसावं अशा जागा

बंगाली जेवणात मासा अनेकदा भाजीच्या पोटात असतो. पदार्थाचं नाव शाकाहारी वाटतं म्हणून मागवलं, आणि पहिल्या घासाला कोळंबी लागली, असं अनेकांचं होतं. म्हणून हे ध्यानात ठेवा:

- मूगडाळीत माशाचं डोकं घालण्याची पद्धत आहे. डाळ मागवताना 'माछ आछे?' असं विचाराच.
- केळफूल (मोचा), दुधी (लाऊ) आणि कोवळा फणस (एंचोड) या तिन्ही भाज्यांत चिंगडी म्हणजे कोळंबी घालतात. मेनूत साधी आणि चिंगडीची, असे दोन्ही प्रकार असू शकतात.
- 'छँचडा' नावाच्या मिसळीच्या भाजीत माशाचं डोकं आणि काटे असतात.
- 'निरामिष मांग्शो' म्हणजे कांदा-लसूण न घालता केलेलं मटण. 'निरामिष' एवढंच वाचून मागवू नका.
- कांदा-लसूणही नको असेल तर 'पेंयाज-रोशुन छाडा' असं सांगा, लगेच समजतं.

आणखी एक सवय बदला. आपण चटणी ताटात डावीकडे वाढतो आणि भाताबरोबर, पोळीबरोबर खातो. इथली चटणी गोड-आंबट, पातळसर असते. मासा-मटण झाल्यावर, मिठाईच्या आधी, पापडाबरोबर येते. अननस, टोमॅटो, कच्ची पपई, कैरी, बोरं, जो ऋतू असेल त्याची. ती भातावर घेऊन 'फारच गोड आहे' असं म्हणू नका. शेवटी, पापडाच्या तुकड्यानं खाऊन बघा. आणि आवडली तर कोणतं फळ होतं ते विचारून घ्या. घरी करायला सगळ्यात सोपा पदार्थ तोच.

बाजार कोणता निवडायचा

न्यू मार्केट, म्हणजे १८७४ मध्ये उघडलेलं हॉग मार्केट, फोर्टपासून सोयीचं आहे आणि तिथे दुर्मीळ फळंही मिळतात. पण दर चढे असतात, घासाघीस करावी लागते. रोजच्या खरेदीला भवानीपूरचा जदुबाबूर बाजार बरा. ओला नारळ, कढीपत्ता, केळीची पानं हवी असतील तर लेक मार्केट. चार-पाच घरं मिळून पेटी घ्यायची असेल तर मध्य कोलकात्यातली मेछुआ फळपट्टी ही घाऊक बाजारपेठ आहे. सकाळी लवकर जायची तयारी ठेवा. बारुईपूरचे पेरू आणि लिची सियालदहच्या दक्षिण मार्गावरच्या लोकलनं शहरात येतात, त्यामुळे त्या मार्गावरच्या स्थानकांबाहेर ती ताजी मिळतात.

भाव विचारताना 'कोतो कोरे?', गोडीची खात्री करायला 'मिष्टी होबे तो?', आणि फणस किंवा केळीचा गाभा कापून हवा असेल तर 'केटे दिन'. एवढ्या तीन वाक्यांवर महिनाभर निभावतं.

आंबा इथे डझनावर नाही, किलोवर मिळतो. मध्यम हिमसागर किलोत साधारण तीन-चार बसतात. डझनाच्या हिशोबानं विचार करून खरेदी केलीत तर गरजेपेक्षा जास्त घ्याल, आणि हिमसागर फार टिकत नाही.

तारखांचंही भान ठेवा. ज्येष्ठ शुद्ध षष्ठीला 'जामाईषष्ठी' असते. घरोघरी जावयाला जेवायला बोलावतात. आदल्या दोन दिवसांत आंबा, लिची आणि मासा यांचे भाव चढतात आणि त्या दिवशी बंगाली उपाहारगृहांत जागा मिळणं कठीण होतं. खरेदी चार दिवस आधी उरका किंवा नंतर करा. बाहेर जेवायचंच असेल तर टेबल आधी सांगून ठेवा. दुर्गापूजेच्या दिवसांतही हाच नियम, फक्त गर्दी कितीतरी जास्त.

कैरी: चैत्र ते ज्येष्ठ

मार्च-एप्रिलपासून कालबैशाखीची वादळं सुरू होतात, आणि एप्रिल-मेमध्ये एकाच संध्याकाळी झाडाखाली कैऱ्यांचा सडा पडतो. दुसऱ्या दिवशी बाजारात या कैऱ्या स्वस्त मिळतात. पण पडलेल्या कैरीला मार लागलेला असतो. ती डाळीला, चटणीला, पन्ह्याला घ्या. लोणच्याला घेऊ नका.

*टक डाळ* म्हणजे कैरी घातलेली मसूरडाळ. आपल्या आमटीत तूर, गूळ आणि गोडा मसाला असतो. इथे मसूर, हळद, मीठ, कैरीच्या सालासकट फोडी आणि वर मोहरी व सुक्या मिरचीची फोडणी. वाटीभर मसूर तीन-चार वाट्या पाण्यात शिजवा. डाळ अर्धवट शिजल्यावर कैरी घाला, आधी नको, नाहीतर डाळ शिजायला वेळ लागतो. चिमूटभर साखर पुरे. ही डाळ पातळ आणि कोमट चांगली लागते, आणि ४० अंशांच्या दुपारी भाताबरोबर दुसरं काही लागत नाही.

*आमपोडा सरबत* आपल्या पन्ह्याचाच बंगाली भाऊ. कैरी उकडण्याऐवजी थेट आचेवर साल काळी पडेपर्यंत भाजा, गार झाल्यावर साल काढून गर कुस्करा, भाजलेल्या जिऱ्याची पूड, सैंधव आणि साखर घाला. भाजल्यामुळे येणारा धुरकट वास हाच त्याचा जीव. वेलदोडा घालू नका, तो वास मारतो.

*लोणचं* मात्र इथल्या हवेप्रमाणे करा. आपल्याकडे मृगाचा पाऊस पडला की लोणच्याची घाई सुरू होते. कोलकात्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पाऊस येतो आणि त्यानंतर हवेतला दमटपणा बरणीत शिरतो. म्हणून लोणचं मेमध्येच घाला. फोडींना मीठ-हळद लावून सुटलेलं पाणी काढा, फोडी कडक उन्हात एक-दोन दिवस वाळवा, मगच मसाला भरा. तेल मोहरीचं वापरलंत तर ते धूर येईपर्यंत तापवून पूर्ण गार करून घाला. कच्चं तेल काहींना उग्र वाटतं. तेलाचा थर फोडींच्या वर बोटभर राहिला पाहिजे, आणि क्वार्टरमध्ये भिंतीला ओल येत असेल तर बरणी त्या भिंतीच्या कपाटात ठेवू नका.

पिका आंबा: हापूस विसरा, हिमसागर ओळखा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. हापूस पिकल्यावर केशरी होतो. हिमसागर पिकला तरी साल हिरवट-पिवळसरच राहते. आपली नजर केशरी रंगाला सरावलेली असल्यामुळे आपण हिरवट हिमसागर बाजूला सारतो आणि एप्रिलअखेरीलाच आलेला, झगझगीत पिवळा आंबा उचलतो. तो बहुधा कोवळाच तोडून जबरदस्तीनं पिकवलेला असतो. हिमसागर रंगावरून घेऊ नका. देठाजवळ नाक नेऊन वास घ्या, अंगठ्यानं हलकं दाबून बघा, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबा. त्याचा मोसम जेमतेम तीन-चार आठवड्यांचा असतो.

पुढचा क्रम साधारण असा: आधी गुलाबखास, मग हिमसागर, त्यापाठोपाठ लंगडा आणि लक्ष्मणभोग, शेवटी जुलै-ऑगस्टमध्ये फजली. मालद्याच्या लक्ष्मणभोग, खिरसापाती म्हणजेच हिमसागर, आणि फजली या तिन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. विक्रेता 'मालद्याचा' म्हणाला तरी मानांकनाचा कागद हातगाडीवर नसतो, तेव्हा वास आणि हंगाम हीच तुमची खात्री.

कोणता आंबा कशाला:

- हिमसागर: आमरसाला. रेषा जवळजवळ नसतात, चाळायची गरज नाही. हापूसइतका आंबटपणा नसल्यामुळे साखर अजिबात घालू नका. चिमूटभर मीठ, चिमूटभर सुंठ आणि हवे तर लिंबाचे दोन-चार थेंब. आंबे तास-दोन तास पाण्यात ठेवून मगच पिळा.
- लंगडा: कापून खायला. रस काढलात तर त्याची खासियत जाते.
- छोटे, रेषाळ, गावठी आंबे: सासव करायला. कोकण-गोव्याकडच्या घरांना हे सांगायला नको. मोहरी, खोबरं आणि गूळ यांबरोबर हे आंबे जसे लागतात तसा हिमसागर कधीच लागणार नाही.
- फजली: साखरआंबा, मुरांबा, चटणी. फळ मोठं, गर भरपूर. नुसता खायला इतर आंब्यांपुढे फिका वाटतो.

हापूस न्यू मार्केटमध्ये मिळतो, पण ज्या भावाला तो मिळतो त्यात हिमसागराचा सगळा मोसम घरभर खाऊन होईल.

कोवळा फणस, लिची आणि उन्हाळ्यातली बाकी फळं

एंचोड, म्हणजे कोवळा फणस, फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. त्याला प्रेमानं 'गाछपाठा', झाडावरचा बोकड, म्हणतात, कारण बटाटा आणि गरम मसाला घालून केलेला एंचोडेर डालना मटणासारखा लागतो. विक्रेत्याकडूनच सोलून घ्या. घरी कापायचाच असेल तर हाताला आणि विळीला तेल लावा. कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची, भाजी करणाऱ्यांनी नेहमीचीच करावी. फक्त इथला एंचोड जरा थोराड मिळतो, तेव्हा आधी वाफवून मग खोबऱ्यावर टाका.

बारुईपूरची लिची मेमध्ये आधी येते, मुझफ्फरपूरची नंतर. लहान मुलांना रात्रीचं जेवण चुकवून उपाशीपोटी लिची खाऊ घालू नका, आणि कच्ची तर नकोच. लिचीतल्या काही घटकांमुळे उपाशी, अशक्त मुलांची रक्तातली साखर धोकादायक इतकी उतरू शकते, हे मुझफ्फरपूरच्या आजारावरच्या अभ्यासातून पुढे आलं आहे. पोटभर जेवलेल्या मुलाला मूठभर लिचीची भीती नाही.

जामरुल म्हणजे कोकणातले पांढरे जाम. ते नुसतेच खायचे. तालशाँस म्हणजे ताडगोळे. बेलफळाचं सरबत करताना गर हातानं पाण्यात कुस्करून गाळा. मिक्सरमध्ये बिया फुटल्या की सरबत कडवट होतं.

पावसाळा: ताल, अंबाडे आणि अननस

भाद्रपदात पिकलेला 'ताल' येतो. काळं, जड फळ, वास घरभर पसरणारा. जन्माष्टमीच्या सुमारास घरोघरी आणि मिठाईच्या दुकानांत तालेर बोडा म्हणजे तालाची भजी होतात. आधी भवानीपूरच्या 'बलराम मल्लिक राधारमण मल्लिक'सारख्या जुन्या मिठाईवाल्याकडे चौकशी करून एकदा चाखा. वास आवडला तरच फळ घरी आणा. सगळ्यांना तो मानवत नाही.

आणलंत, तर असं करा. काळी साल काढा. आतले तीन बाठे सुटे करा. थोडं पाणी शिंपडत बाठा जाड चाळणीवर किंवा खडबडीत टोपलीवर घासा, केशरी गर खाली पडतो. हा गर कडवट असू शकतो, म्हणून तो पातळ फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवा. कडू पाणी निघून जातं. ही पायरी गाळलीत तर पुढची सगळी मेहनत फुकट. सकाळी गर जाड बुडाच्या भांड्यात गूळ घालून परता, खोवलेला नारळ मिसळा, गार झाल्यावर तांदळाची पिठी आणि थोडा रवा घालून लहान बोडे मंद आचेवर तळा. लाल भोपळ्याचे घारगे करणाऱ्यांना आणखी सोपं: भोपळ्याच्या किसाऐवजी हा शिजवलेला गर घ्या, बाकी सगळं तेच.

आमडा म्हणजे आपले अंबाडे. गणपतीच्या दिवसांत कोकणी-गोवेकर घरांना अंबाड्याचं रायतं लागतंच, आणि ते इथे निःसंकोच करता येतं. मोदकाच्या पिठीला आंबेमोहोर मिळाला नाही तर गोबिंदोभोग तांदूळ धुऊन, वाळवून दळून घ्या. सुवास आणि चिकटपणा दोन्ही चांगले असतात.

अननसाची चटणी दहा मिनिटांत होते: फोडी, साखर, मीठ, मोहरी-सुक्या मिरचीची फोडणी, शेवटी मनुका. करमचा म्हणजे मोठी, गुलाबीसर करवंदं, लोणच्याला उत्तम. कामरांगा, म्हणजे पाच धारांचं कमरख, मात्र मूत्रपिंडाचा आजार असलेल्या कुणालाही देऊ नका. त्यातले घटक अशा रुग्णांच्या मेंदूवर परिणाम करतात आणि प्रकृती गंभीर होऊ शकते. घरी वृद्ध पाहुणे असतील तर आधी विचारून घ्या.

रस्त्यावरचा 'पेयारा माखा', म्हणजे कासुंदी (मोहरीची झणझणीत बंगाली चटणी), मीठ, मिरची लावलेला पेरू, सोडू नका. पण आधीच कापून ठेवलेली फळं नकोत. फळ निवडा आणि समोर कापून घ्या.

हिवाळा: बोरं, जोलपाई, संत्री आणि खजुराचा गूळ

जोलपाई हिरव्या ऑलिव्हसारखं आंबट फळ. उकडून, गूळ आणि पाचफोडणाची (पाच मसाल्यांच्या बंगाली मिश्रणाची) पूड घालून त्याचं लोणचं करतात. बोरं इथल्या घरांत सरस्वतीपूजेआधी, म्हणजे वसंतपंचमीआधी खात नाहीत. शेजाऱ्यांच्या मुलांना त्याआधी देऊ करू नका, त्यांची पंचाईत होते.

संत्र्याची खीर, कोमलार पायेश, जरूर करा. दूध आटवा, साखर घाला, आणि पूर्ण गार होऊ द्या. मगच सोललेल्या, बिया काढलेल्या फोडी मिसळा. दूध कोमट असताना संत्री घातली की फाटतं. गुळाच्या खिरीतही हेच: नोलेन गूळ उकळत्या दुधात घालू नका, आच बंद करून थोडं निवल्यावर घाला.

हा खजुराचा गूळ डिसेंबर ते फेब्रुवारी मिळतो. ढेप बोटानं सहज फुटली पाहिजे; दगडासारखी टणक आणि चकाकणारी असेल तर साखर मिसळल्याचा संशय घ्या. खजुराचा कच्चा रस मात्र पिऊ नका. वटवाघळं रात्री मडक्याशी येतात आणि कच्च्या रसातून निपाहची लागण झाल्याचं बांगलादेशात दिसून आलं आहे. रस आटवून केलेल्या गुळाला हा धोका नाही.

पैसे देताना तुमचे हक्क

- *सेवाशुल्क* देणं बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ रोजी ती कायम ठेवली. बिलात आपोआप लावलं असेल तर काढायला सांगा.
- *जीएसटी* साध्या उपाहारगृहात ५ टक्के. मोठ्या तारांकित हॉटेलच्या आवारात १८ टक्के असू शकतो. मेनूतला दर करासह आहे की करावेगळा, हे आधी विचारा.
- *बिलावर* चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक असायला हवा. तक्रार करायची तर तोच कामी येतो, म्हणून बिलाचा फोटो काढून ठेवा.
- *कॅल्शियम कार्बाइडनं* फळ पिकवायला बंदी आहे. इथिलीन वायूचा ठरावीक प्रमाणात वापर चालतो, त्यामुळे 'पिकवलेलं' म्हणजे लगेच बेकायदा असं समजू नका. बाहेरून एकसारखं पिवळं, आतून कडक आणि बेचव, डाग किंवा पांढरट पूड असलेलं फळ परत करा.
- *तराजूवर* वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का पाहा. इलेक्ट्रॉनिक काटा फळ ठेवण्याआधी शून्यावर आहे ना ते बघा, आणि जाड टोपलीसकट वजन करू देऊ नका.

वाद झाला तर आवाज न चढवता तिथल्या व्यवस्थापकाशी बोला. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. मराठीतूनही बोलता येतं. अन्नाच्या दर्जाची तक्रार असेल तर एफएसएसएआयच्या 'फूड सेफ्टी कनेक्ट' या सुविधेवर नोंदवा. तारीख, वेळ, ठिकाणाचं नाव, बिल आणि पदार्थाचा फोटो एवढं जवळ ठेवा, आणि शक्यतो त्याच दिवशी नोंदवा.